सात्यांची वही
(ग्रामसभांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सियान मंडळी, आयाबायांनो आणि दोस्तहो,

मागच्या पावसाळ्यात आम्ही टोल्यावरच्या पोरापोरींनी एक वही केली. बाया सात्या-टेकोडे आणायला जंगलात जातात, त्यांच्या मागं आम्ही गेलो. लोक हसले. एका कार्यालयात तर ऐकवलं, "कुत्र्याच्या छत्र्या मोजून काय हक्क मिळणार?" त्याचं उत्तर आज देतो.

वहीत एका जातीला एक पान. आपल्या बोलीतलं नाव, मग मराठी. कुठं उगवते: वारुळावर, सडक्या लाकडावर, शेणात की झाडाच्या मुळाशी. टोपीखाली पडदे आहेत की बारीक छिद्रं. देठाला कडं आहे का, बुडाशी वाटी आहे का. टोपी रातभर कागदावर पालथी ठेवली की सकाळी भुकटीचा ठसा उमटतो, त्याचा रंग. सात्यांचा गुलाबीसर येतो. शिकलेले लोक याच खुणांवरून जाती लावतात. आपल्या आयांनी त्या आधीच लावल्या होत्या, फक्त कागद नव्हता.

वारुळाच्या आत वाळवी बुरशीची शेती करते. तीच बुरशी पावसात सात्या होऊन वर येते. वारूळ मोडलं की सात्या गेल्या. सियान वारूळ फोडू देत नाहीत, ते उगीच नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यालाही सुधारायची आहे. काही जण म्हणतात, शिजवताना लसूण काळा पडला नाही तर विष नाही. किड्यानं खाल्लं, मग माणसालाही चालतं. हे खोटं आहे. कडं आणि वाटी असलेल्या काही पांढऱ्या जाती जीव घेतात. त्यांचा त्रास सहा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो, मधे थोडं बरं वाटतं आणि आतून काळीज जळत असतं. ओळख पटली नाही तर खाऊ नका. खाल्लं आणि उलटी-हगवण लागली, तर उरलेली अळंबी घेऊन लगेच दवाखाना गाठा.

आता हक्काचं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये गौण वनोपजाची मालकी आपली आहे. कोणी म्हणेल, कायद्यात वनस्पतीपासूनचं उपज लिहिलंय, अळंबी वनस्पती नव्हे. त्याच कलमात शिकार सोडून परंपरेनं चालत आलेले इतर हक्कही आहेत. म्हणून दाव्यात दोन्ही लिहा. नियम 13 प्रमाणे वनोपज गोळा करण्याच्या जागा हा पुरावा आहे, आणि दावेदार नसलेल्या सियानांचं लेखी निवेदनही. मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला, तो ग्रामसभेच्या जोरावर.

वही बाहेर द्यायची का, यावर आमच्यातच भांडण झालं. काही म्हणाले, छापा, नाव होईल. बाया म्हणाल्या, जागा कळल्या की व्यापारी गाडी घेऊन येईल. बायांचं खरं होतं. म्हणून आम्ही ठरवलं: दाव्यात जंगलाचा भाग लिहायचा, वारुळाची जागा नाही. मूळ वही ग्रामसभेच्या पेटीत. कोणाला बघायची असेल त्यानं ग्रामसभेत येऊन विचारावं. जैवविविधतेच्या ज्ञानावर समूहाचा हक्क आहे, हेही कलम 3 सांगतं.

येत्या मिरगाआधी प्रत्येक टोल्यानं शंभर पानी वही घ्यावी. लिहायला पोरं, सांगायला बाया. आम्ही शिकवायला येऊ, आणि शिकायलाही.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!