मावळातील दप्तरे आणि अल्प खर्चाचा ग्रंथसंग्रह

जुने व दुर्मिळ ग्रंथ जमविणे हा धनिकांचा छंद आहे, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. लिलावात लाखो रुपयांना विकल्या गेलेल्या पुस्तकांच्या वार्तांमुळे ती अधिकच दृढ होते. परंतु भोर व वेल्हे या दोन तालुक्यांपुरता विचार केला तर ती टिकत नाही. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. जुन्या कागदांत मात्र हा मुलूख तर्फा, खोरी व मावळे यांच्या नावांनीच भेटतो आणि शोध घेणाऱ्याला ती नावे ठाऊक असावी लागतात.) महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण देणारे एक अत्यंत मोलाचे बाड याच मुलखातून बाहेर आले आणि ते कोणत्याही दुकानात विक्रीस नव्हते.

भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे यांच्या घराण्याचे गाव. या देशमुख घराण्याच्या दप्तरात शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांची तिथिवार टिपणे जपून ठेवलेली होती. दयाजीराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांच्या स्वाधीन केली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात ती ‘जेधे शकावली’ म्हणून प्रसिद्ध झाली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधील वैशाखात, म्हणजे इ. स. १६२७ साली झाला, असे सामान्यतः मानले जाई. शकावलीने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार ही तिथी दिली. पुढे तंजावरास मिळालेले व १९२७ साली छापले गेलेले ‘शिवभारत’ आणि जोधपूर येथे आढळलेली जन्मपत्रिका यांनी तिला दुजोरा दिला. आज १९ फेब्रुवारी रोजी शासकीय पातळीवर शिवजयंती साजरी होते, तिचा धागा असा कारीच्या एका वाड्यातील दप्तरापर्यंत जातो. त्या पानांवर ना सोनेरी वेलबुट्टी होती, ना कोणा नामांकित लेखकाची सही. रद्दीच्या तराजूत त्यांचे वजन फार भरले नसते.

या मार्गाचे आद्य प्रवासी म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. पदरी द्रव्य नसताना, हाताने स्वयंपाक करीत व बरीचशी पायपीट करीत त्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. तो वाईस सापडलेल्या कागदांवर उभा होता. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हाच ध्यास होता. कागद असलेल्या घराचा उंबरठा ओलांडण्याचे धैर्य आणि दार उघडेपर्यंत थांबण्याची चिकाटी, एवढेच राजवाड्यांचे भांडवल होते.

आजच्या शिक्षकाने अथवा ग्रामपंचायत सदस्याने काय जमवावे? पुण्यामुंबईच्या पदपथांवर जुनी पुस्तके अल्प किमतीत मिळत आली आहेत आणि तेथे धुंडाळण्यात मौज आहे यात शंका नाही. परंतु खेड्यातील ग्रंथालयाने कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्यांमागे धावण्यापेक्षा जे अन्यत्र कोणी जमविणार नाही ते जमवावे. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या, जुनी पंचांगे, शाळेची क्रमिक पुस्तके, भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या, जत्रांची हस्तपत्रके ही ती सामग्री होय. भोर हे पंतसचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे संस्थानी अमलातील छापील नियम, अहवाल व दाखले यांची नवी भर पडणे त्या दिवशीच थांबले. जे उरले आहे तेवढेच.

पुस्तक दुर्मिळ आहे की केवळ जुने, हे ठरविण्यास शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ अद्यापि उत्तम सोबती आहे. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांची नोंद करतो. सूचीत न आढळणारे पुस्तक हाती आले तर ते मोठ्या ग्रंथालयास अवश्य कळवावे.

मिळविण्याहून टिकविणे अवघड, विशेषतः वेल्ह्यासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात. येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा जुन्नरी हातकागद पुष्कळदा धडधाकट असतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद मात्र पिवळा पडून बोटांत चुरा होतो. याचा अर्थ नव्या पुस्तकाची निकड अधिक. उलट, हातकागदावरील काजळ व गोंद यांची शाई पाण्याने विरघळते. म्हणून असा कागद ओल्या फडक्याने कदापि पुसू नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावणे हा सर्वांत प्रचलित अपराध आहे. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरे घेऊनच निघतो. पातळ कागद व साधी खळ पुरेशी आहे. सुती रुमालात सैल बांधावे, भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावे, पावसाळा सरल्यावर सावलीत वारा द्यावा. वेखंड व कडुनिंबाचा पाला ही जुन्या माणसांची रीत टाकाऊ नाही. मात्र दर वर्षी पाला बदलला पाहिजे, हे बहुधा विसरले जाते. यास लागणारा खर्च एखाद्या सत्कारसमारंभाच्या हारतुऱ्यांहून अधिक नाही.

जीर्ण पोथी नदीत सोडण्याची चाल श्रद्धेपोटी चालत आली आहे. तिचा उपहास करून काही साधत नाही. विसर्जनापूर्वी पोथी एक दिवस शाळेत द्यावी, एवढी विनंती केली तर सहसा कोणी नाकारणार नाही. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने पानेच्या पाने टिपता येतात. अशा प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरे पाण्याखाली गेली. शहरात गेलेला कागद सुरक्षित असतो, या कल्पनेला त्या दिवशी वेल्ह्याच्याच पाण्याने उत्तर दिले.

मालकीचा प्रश्न नाजूक आहे. ‘वाचून परत देतो’ असे सांगून नेलेली दप्तरे परत आली नाहीत, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते आणि नव्या संग्राहकाला बंद दार भेटते ते याच कारणाने. तेव्हा कागद घेताना पानांची संख्या नोंदवून लेखी पावती द्यावी. शक्यतो मूळ घरातच राहू द्यावे आणि प्रत घ्यावी. कागद कोणत्या गावातून, कोणत्या घराण्याकडून आला हे नोंदवहीत न लिहिले तर त्याचे निम्मे मोल नाहीसे होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाहीत, हेही गावात वारंवार सांगितले पाहिजे.

राहिला वाचनाचा प्रश्न. घरोघरचे बहुतेक जुने कागद मोडीत आहेत आणि मोडी जाणणारी पिढी सरत आली आहे. कित्येक ठिकाणी हे कागद जमिनीचे असतील या भीतीने कोणी दाखवीत नाही, तर कित्येक ठिकाणी ते निरुपयोगी समजून बंबात घातले जातात. दोन्हींचे कारण एकच : त्यांत काय लिहिले आहे ते कोणासच कळत नाही. मोडीच्या प्रशिक्षणाचे वर्ग पुराभिलेख संचालनालयातर्फे घेतले जातात. प्रत्येक केंद्रशाळेतील एका शिक्षकाने ती लिपी आत्मसात केली, तर पंचक्रोशीतील दप्तरे घराबाहेर न नेता घरमालकासमोरच वाचता येतील.