कुपीवरचा आकडा

सहायक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आज प्रमाणपत्र स्वीकारणाऱ्या विद्यार्थिनींचे आणि त्यांच्या पालकांचे अभिनंदन. औषध शरीरात काय करते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, याच्या अभ्यासाला औषधशास्त्र म्हणतात. मात्र वर्गात औषधांची नावे पाठ करून घेतली जातात आणि मात्रेचे गणित वॉर्डात आपोआप जमेल असे धरून चालतात, ही प्रस्तुत वक्त्याची या व्यवसायाविषयीची सर्वांत जुनी तक्रार आहे.

ते आपोआप जमत नाही. इन्सुलिन ‘युनिट’मध्ये, म्हणजे त्याच्या परिणामावरून ठरवलेल्या एककात मोजतात. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली कुपी मिळते, तशीच १०० युनिट असलेलीही मिळते; पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, दुसरीसाठी नारिंगी टोपणाची. एका ग्रामीण रुग्णालयात देणगीत आलेल्या १०० च्या कुप्या नेहमीच्या कपाटात ठेवल्या गेल्या, ट्रेमध्ये सिरिंज मात्र लाल टोपणाच्याच राहिल्या, आणि २० युनिटचा लेखी आदेश असताना प्रस्तुत वक्त्याच्या हातून २० च्या रेघेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर, औषध भरले गेले. त्यात ५० युनिट होते. तीन तासांत रुग्ण घामाने निथळला, बोलणे अडखळू लागले. साखर उतरल्याचे एका वडीलधाऱ्या सिस्टरांनी ओळखले आणि शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर तो शुद्धीवर आला. चौकशीच्या कागदावर ‘परिचारिकेचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिले गेले. चूक होती हे खरेच. पण दोन प्रकारच्या कुप्या एका फळीवर कोणी ठेवल्या, हे कोणी विचारले नाही, आणि ही खंत इतक्या वर्षांनी आजही गेलेली नाही.

त्याच सिस्टरांची एक शिस्त होती: औषध भरण्याआधी कुपीवरचा आकडा शेजारच्या परिचारिकेला मोठ्याने वाचून दाखवायचा. ‘दोन अँप्यूल द्या’ असा तोंडी आदेश त्या घेत नसत, कारण अँप्यूल हे भांडे आहे, माप नव्हे. गरोदरपणातील झटक्यांवर देण्याच्या मॅग्नेशियम सल्फेटच्या ५० टक्के तीव्रतेच्या २ मिलिलिटर अँप्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते. वेगळ्या तीव्रतेच्या अँप्यूलमध्ये तेवढे नसते. हे औषध प्रमाणाबाहेर गेले तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते आणि पुढे श्वास मंदावतो, म्हणून उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवे, हेही त्यांनीच खाटेपाशी उभे राहून शिकवले. पुस्तकात ते होतेच; ते खाटेपाशी उमगले.

उपकेंद्रात तपासून घ्यायला दुसरे कोणी नसते, तेव्हा आकडा स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवावा. आदेश आणि कुपी जुळत नसतील तर सुई खाली ठेवून विचारावे, आणि विचारणे उद्धटपणाचे ठरवले गेले तरी पुन्हा विचारावे. रुजू झाल्यावर पहिल्याच पाळीत औषधांचे कपाट उघडून ४० आणि १०० च्या कुप्या एका फळीवर आहेत का ते पाहावे, आणि असतील तर त्या त्याच दिवशी वेगळ्या करून घ्याव्यात.