मंडळातील वाणीचा विवेक
(महाजन व स्वयंसेवक यांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



देवस्थानाच्या उत्सवात भजन म्हणणारे, नाटक बसविणारे, ग्रंथालय सांभाळणारे लोक वेतनाने बांधलेले नसतात. श्रद्धा आणि आवड हीच त्यांची बांधिलकी. कचेरीतील वरिष्ठाचा कठोर शब्द मनुष्य पोटासाठी गिळतो. हौसेच्या मंडळात तो कशासाठी गिळावा? दुखावलेला गडी भांडत नाही, राजीनामाही देत नाही. पुढच्या तालमीस येत नाही, इतकेच. नाटकातील भूमिका कोणाला द्यावी, कोणता अभंग आधी घ्यावा, हे प्रश्न उत्सवाबरोबर संपतात; त्यावरून उच्चारलेले शब्द मात्र मनात राहतात. म्हणूनच स्वयंसेवी मंडळात बोलण्याचे नियम असावेत काय, आणि असल्यास कसे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या प्रश्नाचा एक उद्बोधक दाखला अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात सापडतो. १७२७ साली बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या मुद्रकाने तेथे 'जंटो' नावाचे एक मंडळ स्थापन केले. मुद्रणालयातील कामगार, दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक, भूमापक, सुतार, व्यापाऱ्याकडील कारकून अशी ही मंडळी दर शुक्रवारी सायंकाळी जमत. नीती, राज्यव्यवहार किंवा सृष्टिविज्ञान यांविषयी प्रत्येकाने पाळीपाळीने प्रश्न मांडावा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचावा, असा परिपाठ होता. चर्चा सत्यशोधनासाठी व्हावी, वादाच्या हौसेने किंवा जिंकण्याच्या ईर्ष्येने होऊ नये, हे त्यांचे मूळ सूत्र.

तथापि केवळ सूत्राने भागले नाही. थॉमस गॉडफ्रे नावाचा काचकाम करणारा एक सभासद स्वप्रयत्नाने उत्तम गणिती झालेला होता. परंतु प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्यात गणिताची अचूकता असावी असा त्याचा आग्रह असे. क्षुल्लक गोष्टींत तो नकार देई, फाटे फोडी आणि संभाषणाचा रसभंग करी. हा गृहस्थ लवकरच मंडळ सोडून गेला, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात नमूद केले आहे. विद्वत्ता असूनही सहवास टिकला नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

काही काळाने मंडळाने नियम केला की, आपले मत ठासून सांगणारे शब्द आणि दुसऱ्याचे थेट खंडन या दोहोंना बंदी असावी. नियम मोडणाऱ्यास अल्पसा दंड व्हावा. या नियमाचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली, बंदी मताला नव्हती, मत मांडण्याच्या रीतीला होती. दुसरी, शिक्षा हलकी होती. हकालपट्टीची तरतूद सहसा कोणी अमलात आणीत नाही, कारण ती फार जड असते. चार पैशांचा दंड मात्र हसतमुखाने घेता येतो आणि देताही येतो. तिसरी, नियम संस्थापकानेच अंगी बाणवला. फ्रँकलिन गर्विष्ठ समजला जातो, असे एका स्नेह्याने त्याला स्पष्ट सांगितले होते. त्यानंतर 'निश्चितच', 'निःसंशय' असे शब्द त्याने जंटोच्या जुन्या नियमास अनुसरून स्वतःलाच वर्ज्य केले आणि 'तूर्त असे वाटते' अशी भाषा स्वीकारली. त्यामुळे आपले म्हणणे लोक अधिक सहज ऐकू लागले, आणि चूक निघाल्यास खजील होण्याची पाळीही कमी येऊ लागली, असा अनुभव त्याने नोंदविला आहे.

हा विचार भारतीय परंपरेस नवा नाही. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडण्यासाठी होते ती वितंडा. मराठीत वाद हा शब्द भांडणाच्या अर्थाने रूढ झाला, यावरून वादाचा जल्प किती सहज होतो ते कळावे.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. गोड बोलण्याच्या नियमाखाली खऱ्या प्रश्नांची गळचेपी होणार नाही काय? नियम पदाधिकाऱ्यांच्या सोयीसाठी वापरला गेला तर तसे अवश्य होईल. जमाखर्च विचारणे हा उद्धटपणा नव्हे. 'तुमचा हेतूच शुद्ध नाही' असे पुराव्यावाचून म्हणणे हा उद्धटपणा होय. प्रश्न विचारणाऱ्याने हेतूवर घसरू नये आणि उत्तर देणाऱ्याने प्रश्नालाच अपमान समजू नये, अशा दोन्ही बाजूंनी नियम बांधलेला हवा. जंटोत प्रवेश घेणाऱ्याला चार प्रश्न विचारले जात. उपस्थितांपैकी कोणाविषयी मनात अनादर आहे काय, हा त्यांतील पहिला. आणि सत्यावर सत्यासाठीच प्रेम आहे काय, हा शेवटचा. आदर आणि सत्य यांची अशी सांगड तेथे घातलेली होती.

त्या सायंकाळच्या बैठकींतून पुढे काय निर्माण झाले? १७३१ साली वर्गणीदारांचे ग्रंथालय उभे राहिले आणि १७३६ साली आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक स्थापन झाले. दोन्हींचा विचार आधी याच मंडळात झाला होता. एकमेकांचे ऐकून घेणारी माणसेच एकत्र काम करू शकतात, याचे याहून चांगले प्रमाण कोणते?

भजनी मंडळ असो वा नाट्यमंडळ, नियम चार-पाचच असावेत. तंटा उद्भवण्यापूर्वी, मने शांत असताना लिहावेत. पहिल्या तालमीच्या दिवशी सर्वांसमक्ष वाचावेत. आणि ज्येष्ठांनी ते आधी पाळावेत. नवख्या मुलाने बिचकत केलेली सूचना पूर्ण ऐकून घेतली जाते किंवा नाही, हीच त्या नियमांची खरी कसोटी. गीतेने वाणीच्या संयमाला तप म्हटले आहे. उत्सवातील इतर सेवांबरोबर ही सेवाही महाजनांच्या हातून घडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.