माणूस कोण आणि माणूस कुठे



येथे घोडे बदलले जात, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे जुनी माणसे सांगतात. घोडा बदले, स्वार तोच राही. माझा आजचा विषय एवढाच आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ४२१५०३ या आकड्यावरून पत्र कुठे न्यायचे ते कळते. ते कोणाचे, हे सांगायला नाव वेगळे लिहावे लागते.

इंटरनेटमध्ये मात्र १९८१ साली ठरलेल्या नियमांनी ही दोन्ही कामे एकाच आकड्याकडे दिली. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तेव्हा यंत्रे जागची हलत नसत, म्हणून निभावले. आज मुलगी घरच्या वायफायवरून शिष्यवृत्तीसाठी दाखला अपलोड करीत असते आणि तशीच रिक्षाने स्टेशनकडे निघते. फोन मोबाइलच्या जाळ्यावर जातो, पत्ता बदलतो आणि पलीकडचे यंत्र तिला ओळखीनासे होते. जोडणी तुटते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

यावर तज्ज्ञांनी ओळख व ठिकाण वेगळे करण्याचे मार्ग शोधले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिस्प’ पद्धतीत यंत्राचा आकडा वेगळा, वाटेचा वेगळा. कोण कुठे आहे, ते नोंदीत पाहायचे. २०२१ साली प्रमाणित झालेल्या ‘क्विक’मध्ये प्रत्येक जोडणीला स्वतःची खूण असते, पत्ता बदलला तरी काम पुढे चालू राहू शकते. कायमची एकच खूण असती, तर कोणीही माग काढला असता. म्हणून वाट बदलताना खूणही बदलतात. नवी खूण कोणत्या जुन्या खुणेच्या जागी आली, हे त्या दोन यंत्रांनाच ठाऊक असते.

मोबाइलच्या नंबराचेही असेच झाले. २० जानेवारी २०११ पासून देशभर, कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला.

पालकांनो, यातून आपणही एक धडा घेऊ या. बिऱ्हाड बदलेल, कॉलेज बदलेल. पत्ता नव्याने नोंदवता येतो. पण शाळेच्या दाखल्यावर नाव एका प्रकारे आणि आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असेल, तर ऐन अर्जाच्या वेळी मूल अडते. आज घरी गेल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर मुलगा शाळेत असतानाच दुरुस्ती करून घ्या.

घोडे बदलू द्या. स्वार ओळखता आला पाहिजे.