पहिलं शहर कुठे वसवायचं? : एपिसोडचं लिखित रूप

कानात इअरफोन, हातात चहा, सगळं जागेवर आहे ना? चला मग.

आजचा एपिसोड एका कबुलीने सुरू करतो. 'सिव्हिलायझेशन सिक्स' हा गेम मी दोन वर्षं खेळतोय. त्याच्या पहिल्या दहा टर्न मी शेकडो वेळा खेळलोय. आणि शेवटची टर्न? ती बघितल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. कारण एकच : रीस्टार्ट. नदी नाही? रीस्टार्ट. डोंगर लांब? रीस्टार्ट. एकदा तर रात्री दहाला बसलो आणि एक वाजता उठलो, तेव्हा माझ्या नावावर एकही शहर नव्हतं. [हसतो]

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. ही सिरीज १९९१ पासून चालू आहे, हा सहावा भाग २०१६ मध्ये आला आणि आता तो फोनवरही खेळता येतो. सुरुवातीला तुमच्याकडे एक सेटलर असतो, म्हणजे शहर वसवणारी टोळी, आणि सोबतीला एक वॉरियर. सगळा नकाशा झाकलेला. सहा कोनांच्या टाइल्स, त्यातल्या जवळच्या तेवढ्या दिसतात. आणि पहिल्याच टर्नला गेम विचारतो, राजधानी कुठे?

आता पहिली गोष्ट, पाणी. पुण्यात कॉट बेसिसवर खोली बघायला गेलो की आपण आधी काय विचारतो? भाडं नंतर, "काका, पाणी किती वेळ येतं?" हे आधी. इथेही तसंच. शहर नदीला, तळ्याला किंवा ओअॅसिसला लागून वसवलं तर पाच हाउसिंग मिळतं. नुसता समुद्रकिनारा असेल तर तीन. पाणीच नसेल तर दोन. राजधानीत राजवाड्याचं एक जास्तीचं. म्हणजे नदीकाठी सहा आणि कोरड्या जागी तीन. लोकसंख्या हाउसिंगच्या एक पाऊल मागे आली की शहराची वाढ निम्म्यावर येते. म्हणजे कोरड्या राजधानीत दोन माणसं झाली की लगेच ब्रेक. नदीकाठी तोच ब्रेक पाच माणसांवर लागतो. हा फरक पुढची तीस-चाळीस टर्न तुमच्या मानगुटीवर बसतो.

दुसरी गोष्ट, टेकडी. ही बऱ्याच नव्या खेळाडूंच्या लक्षातच येत नाही. सपाट जागेवर शहर वसवलं की शहराच्या स्वतःच्या टाइलमधून दोन फूड आणि एक प्रॉडक्शन मिळतं. पण प्लेन्सवरच्या टेकडीवर वसवलं तर प्रॉडक्शन दोन. तुम्ही म्हणाल, एकाने काय होतंय? हिशोब करू. राजवाड्याचं दोन प्रॉडक्शन, आणि तुमचा एकुलता एक नागरिक शेजारच्या टाइलवरून एक आणतोय असं धरा. सपाटीवर झाले चार, टेकडीवर पाच. स्काउट बनवायला लागतात तीस. सपाटीवर आठ टर्न, टेकडीवर सहा. पुढचा सेटलर ऐंशीचा. तिथे वीस विरुद्ध सोळा. एका प्रॉडक्शनमुळे दुसरं शहर चार टर्न आधी! सुरुवातीला सगळंच इतकं कमी असतं, की एक म्हणजे पाव हिस्सा असतो.

तिसरी गोष्ट, आजूबाजूची जमीन. प्रत्येक नागरिक दोन फूड खातो. त्यामुळे शेजारी दोन फूडवाल्या टाइल्स हव्यातच, आणि त्यातल्या एकदोन अशा हव्यात की जिथे फूडबरोबर प्रॉडक्शनही आहे. शहर तीन टाइलपर्यंतची जमीन कसू शकतं, पण सुरुवातीला हद्द लहान असते. म्हणून पहिल्या कड्यातल्या सहा टाइल्स नीट बघा. तिसऱ्या कड्यातला हिरा बघून भुलू नका, तो हातात यायला बराच वेळ लागतो. जंगल शेजारी असू द्या, त्याच्यावर शहर वसवू नका. वर वसवलं तर जंगल जातं. शेजारी असेल तर पुढे तोडून एकरकमी प्रॉडक्शन मिळतं.

आणि डोंगर? डोंगरावर काही पिकत नाही, पण कॅम्पस डिस्ट्रिक्टला प्रत्येक शेजारच्या डोंगरामागे एक सायन्स मिळतं. म्हणून डोंगर जवळ असावा, पण त्याने सहापैकी चार टाइल्स खाल्ल्या तर उपाशी राहाल.

आता नदीबद्दल एक गोष्ट सांगतो. माझं गाव सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. या गेमचं 'गॅदरिंग स्टॉर्म' हे एक्स्पान्शन फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. त्यात नद्यांना पूर येतो. पूर शेतं मोडतो, डिस्ट्रिक्ट मोडतो, कधी माणसंही नेतो. पण ओसरताना गाळ टाकून जातो आणि त्या टाइलचं फूड वाढू शकतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे काय झालं, ते तुम्ही बातम्यांत बघितलंय. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. नंतर मी हा गेम खेळलो आणि पहिला पूर आला, तेव्हा फोन बाजूला ठेवून जरा वेळ गप्प बसलो. आणि तरीही, पुढच्या गेममध्ये शहर नदीकाठीच वसवलं. आजीला एकदा विचारलं होतं, एवढे पूर बघून आपली माणसं नदी सोडून का गेली नाहीत? ती म्हणाली, "जाऊन खाणार काय?" बस्. अख्ख्या एपिसोडचं सार तिने तीन शब्दांत सांगितलं.

बरं, आता मुद्द्याचा प्रश्न. पहिल्या टर्नला समोर काहीच चांगलं दिसत नसेल तर काय करायचं?

मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही एकदा एकाच मॅप सीडवर खेळलो. तीच जमीन, तीच सुरुवात, दोघांचे वेगळे फोन. नियम एकच, रीस्टार्ट नाही. समोर समुद्र, दोन टेकड्या, नदीचा पत्ता नाही. त्याने पहिल्याच टर्नला किनाऱ्यावरच्या टेकडीवर शहर ठोकलं. मी म्हटलं, येडा आहे. मी सेटलर घेऊन नदी शोधायला निघालो. सातव्या टर्नला सापडली. सुंदर जागा होती हो, नदी, डोंगर, सगळं! मी स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवला. त्याचा रिप्लाय, "भारी. माझा स्काउट तिथून मघाशीच गेला. माझं दुसरं शहर तिथेच होणार आहे." [हसतो] शंभराव्या टर्नला त्याची चार शहरं होती, माझी दोन.

यातून मी जे शिकलो ते असं. सेटलर हलवायच्या आधी वॉरियर हलवा. शक्यतो टेकडीवर चढवा, लांबचं दिसतं. मग ठरवा. सेटलरला दोन मूव्ह असतात. सपाट टाइलवर एकच मूव्ह खर्च होते, त्यामुळे एक घर सरकूनही त्याच टर्नला शहर वसवता येतं. टेकडीवर किंवा जंगलात गेलात तर दोन्ही मूव्ह संपतात आणि एक टर्न जाते. दिसणाऱ्या नदीसाठी एक टर्न घालवा, फार तर दोन. न दिसणाऱ्या नदीसाठी एकही घालवू नका. जिथे उभे आहात तिथे वसवा आणि नदी दुसऱ्या शहराला द्या.

अपवाद आहे. माओरींचा कूपे. तो भर समुद्रात सुरू होतो आणि शहर वसवेपर्यंत त्याला दर टर्नला सायन्स आणि कल्चर मिळत राहतं. शोधत फिरण्याचे पैसे मिळणारा तो एकटा. तुम्ही कूपे नसाल तर वसवा! आणि राजधानी चुकलीच असं वाटलं, तर फिनिशियाची डायडो घ्या. तिला राजधानी पुढे दुसऱ्या शहरात हलवता येते.

त्या गेममध्ये मी हरलो. पण तो शेवटपर्यंत खेळलो. आणि गंमत म्हणजे विमानं, वीज, रॉकेट, हे सगळं दोन वर्षांत मी पहिल्यांदाच नीट बघितलं. रीस्टार्टच्या नादात गेमचा पाऊण भाग मला माहीतच नव्हता.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एक नवा गेम सुरू करा, जी जमीन मिळेल ती घ्या, आणि रीस्टार्टच्या बटणाला हात लावू नका. पहिलं शहर कुठे वसवलं ते मला कळवा. भिकार जागा असेल तर आधी कळवा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पाणी भरून ठेवा.