फेकून दिलेला दगड

(वर्तकनगर येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी बहुतेकांनी वैद्यकाचा किंवा अभियांत्रिकीचा मार्ग पत्करला आहे. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करितो. परंतु आम्हा मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास आज निराळ्याच वाटेविषयी बोलावयाचे आहे. आणि त्यास कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

आमच्या वर्गातील एक मुलगा येऊरच्या डोंगरातून वेचलेले दगड दप्तरात भरून आणी. आम्ही भर वर्गात त्याची थट्टा केली आणि ते दगड त्याला बाहेर टाकावयास लाविले. पुढे त्याने दगड आणिले नाहीत, आणि प्रश्न विचारणेही सोडिले. हे शल्य आमच्या मनात अद्याप आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्रा. शरद राजगुरू यांच्या कार्याविषयी वाचले, तेव्हा ते शल्य अधिकच बोचू लागले. त्यांचा विषय भूशास्त्र. परंतु आयुष्यभर अध्यापन केले ते पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांमध्ये. जमिनीत सापडलेले हत्यार कोणत्या थरातील, तो थर नदीने रचिला की वाऱ्याने, हे कळल्यावाचून त्या हत्याराचा काळ कळत नाही. म्हणून मुळा-मुठा व प्रवरा यांच्या काठचे थर ते वाचीत राहिले. राजस्थानात डिडवाण्याजवळच्या वाळूच्या टेकडीचेही थर त्यांनी अभ्यासिले.

आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या कातळाचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या शिलारसाचा तो बनला आहे. आपला येऊरचा डोंगरही त्यातलाच. परंतु जुन्नर तालुक्यात बोरी येथे, कुकडीच्या काठी, याहून फार अलीकडची ज्वालामुखीची राख आढळली आणि तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. ती राख तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, असे अभ्यासक मानितात. तिचे वय राजगुरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम सुमारे 14 लाख वर्षे सांगितले. 1995 साली, नव्या मापनानंतर, त्यांनीच ते सुमारे 6 लाख 70 हजारांवर आणिले. इतर काही संशोधक तर ती राख अवघी 75 हजार वर्षांची म्हणतात. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आपण प्रसिद्ध केलेला आकडा आपणच निम्म्याहून खाली आणावा, यास मोठे धैर्य लागते. आम्ही तीस-पस्तीस मुलांपुढे झालेली चूक कबूल करावयास इतकी वर्षे लाविली!

बंधुभगिनींनो, विहिरीस पाणी कोठे लागेल, धरणाचा पाया कोठे धरावा, दरड का कोसळते, हे सांगणारी विद्या हीच आहे. परंतु आपल्या कुटुंबांत तिचे नावही निघत नाही. म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे की, शिष्यवृत्ति-निधीतील निदान एक शिष्यवृत्ती अशा उपेक्षित शास्त्रांसाठी राखून ठेवावी. तीत आमचा अल्पसा वाटा आम्ही आजच देत आहोत.

आणि पालकांनो, मुलाच्या दप्तरात दगड सापडला, तर तो फेकण्यापूर्वी एवढेच विचारा : “बाळ, हा कोठे मिळाला?”