अर्जातला एक शब्द

श्रोतेहो, गेल्या जून महिन्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ हातात अर्ज घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, जरा शुद्धलेखन बघता का?" त्यांच्या मुलीची दृष्टी फारच अधू. चौथी झाली, पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत नेली, तर "आमच्याकडे सोय नाही" हे उत्तर मिळाले. अर्जाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, 'मेहेरबानी करून प्रवेश द्यावा.'

शुद्धलेखन ठीक होते. चुकला होता तो 'मेहेरबानी' हा शब्द.

या विषयावर १९९५ साली संसदेने कायदा केला; त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. आधी सात प्रकारची अपंगत्वे त्यात होती, आता एकवीस आहेत. ज्या मुलाचे अपंगत्व निदान ४० टक्के आहे, असा दाखला असेल, त्याला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची की विशेष, ही निवडही त्याचीच. हे झाले कलम ३१. कलम १६ सांगते, की सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि गरजेनुसार वाजवी सोय करावी. म्हणजे पाहा, 'सोय नाही' ही सबबच उरत नाही. सोय करणे हेच तर शाळेचे काम!

आता कोणी म्हणेल, शाळेवर बोजा पडतो. न पेलणारा बोजा कायदाही टाकत नाही. पण ठळक अक्षरांचे पुस्तक, पहिला बाक, परीक्षेला लेखनिक, थोडा जादा वेळ, यात बोजा तो कसला? तरीही दार बंदच राहिले, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? मीही एकदा एका विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ दिला आणि स्वतःच्या उदारपणावर खूश होऊन घरी आलो. तो वेळ मुळात त्याचाच होता, हे मला फार उशिरा कळले.

अर्जातली 'मेहेरबानी' आम्ही खोडली, तिथे दोन्ही कलमे घातली. मुलीला प्रवेश मिळाला. परवा ते गृहस्थ पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मुख्याध्यापकांचे फार उपकार झाले हो!"

श्रोतेहो, कागदावरचा शब्द खोडला. मनातला खोडायचा अजून बाकी आहे. त्यांच्या, आणि आम्हा शिक्षकांच्याही.